‘बॉल’ शब्दाचे कुळ आणि त्याचे मराठी सोयरे

सामान्य शब्दांची चरित्रे लिहिण्याचा उद्योग टीकाकार सहसा करीत नाहीत. अवघड शब्दाला भाष्यकार मिळतो, पारिभाषिक शब्दाला समिती मिळते. परंतु मुलाच्या तोंडी पहिल्या पाचपन्नास शब्दांत जो असतो, त्या शब्दाकडे विद्वानांचे लक्ष जात नाही. इंग्रजीतील ‘बॉल’ हा शब्द या जातीचा आहे. तो कळतो म्हणून तो पाहिला जात नाही, आणि पाहिला जात नाही म्हणूनच भाषांतरकाराला तो वारंवार फसवितो.

डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशात या शब्दाची नोंद वाचण्याजोगी आहे. गोल आकाराची अथवा गोलाकडे झुकणारी कोणतीही वस्तू, हा जॉन्सनने दिलेला पहिला अर्थ. त्यानंतर हाताने, पायाने वा रॅकेटने खेळावयाची वस्तू, मत नोंदविण्याची अथवा चिठ्ठ्या काढण्याची खूण केलेली लहान गोळी, पृथ्वीचा गोल, राजाच्या हाती सत्तेचे चिन्ह म्हणून दिला जाणारा गोल, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा आणि डोळ्याचे बुबुळ, आणि सर्वांत शेवटी, लाकडाच्या पोकळ तुकड्यावर कातडे ताणून आत केस वा लोकर भरलेले, छापखान्यात खिळ्यांना शाई लावण्याचे साधन. हे साधन एकोणिसाव्या शतकात रुळांनी हद्दपार केले आणि त्याबरोबर तो अर्थही गेला. इंग्रजीत रूढ असलेला या शब्दाचा ग्राम्य शारीर अर्थ मात्र या नोंदीत नाही. कोशकाराची सभ्यता शब्दाला बांधून ठेवू शकत नाही, एवढेच त्यावरून दिसते.

या नोंदीशेजारी जॉन्सनने आणखी एक ‘बॉल’ वेगळा नोंदविला आहे. त्याचा अर्थ नृत्याचा समारंभ. पहिला ‘बॉल’ जर्मानिक कुळातला असून तेराव्या शतकाच्या आरंभापासून लिखित इंग्रजीत आढळतो. तो उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आला असावा, असे व्युत्पत्तिशास्त्रज्ञ मानतात, आणि त्याच्या मुळाशी फुगणे, सुजणे ही कल्पना आहे. दुसरा ‘बॉल’ फ्रेंचमार्गे आला. त्याचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील नाचणे या अर्थाच्या क्रियापदात, आणि त्याही पलीकडे ग्रीकमध्ये आहे. ‘बॅले’ आणि ‘बॅलड’ ही या दुसऱ्या घरची मंडळी. ‘बलून’ आणि ‘बॅलट’ ही पहिल्या घरची. एकाच दारावर दोन कुटुंबांच्या पाट्या असाव्यात, तसा हा प्रकार आहे.

दोन्ही घरे मुळात एकच होती, असे सिद्ध करण्याचा मोह जुन्या व्युत्पत्तिकारांना आवरला नाही. चेंडू खेळताना लोक नाचत असत, म्हणून नाचाला चेंडूचे नाव मिळाले, अशी ती उपपत्ती. भाषाशास्त्राने ती नाकारली, व ते योग्यच झाले. परंतु तिच्या मुळाशी असलेले निरीक्षण खोटे नव्हते. फ्रान्समधील ऑसेर येथील कॅथीड्रलमध्ये ईस्टरच्या दिवशी धर्माधिकारी चेंडू झेलीत जमिनीवरील चक्रव्यूहाच्या आकृतीवर नृत्य करीत असत. ही प्रथा १५३८ मध्ये बंद करण्यात आली. आपल्याकडे दंडीच्या दशकुमारचरितात सुह्म देशातील दामलिप्त नगरीची राजकन्या कंदुकावती देवीच्या प्रीत्यर्थ दर महिन्याच्या कृत्तिका नक्षत्री लोकांसमक्ष कंदुकक्रीडा करते. तिचे ते खेळणे पावलांच्या, गतींच्या आणि हस्तलाघवाच्या वर्णनात असे रंगविले आहे की त्याला नृत्य म्हणावे की खेळ, हे ठरविता येत नाही. शब्द परके असूनही वस्तू एकत्र नांदू शकतात. आणि शब्द एक असूनही वस्तूंचा परस्परांशी काही संबंध नसतो. पर्यायशब्दांचा विचार करताना या दोन्ही शक्यता जवळ ठेवाव्या लागतात.

इंग्रजांनी हिंदुस्थानात आपल्या समारंभाला ‘बॉल’ म्हटले आणि येथल्या समारंभाला ‘नॉच’ म्हटले. ‘नाच’ हाच शब्द त्यांनी उचलला, पण तो परक्यांच्या नृत्यापुरता राखून ठेवला. मराठी लेखकापुढे मग उलटी अडचण आली. गव्हर्नरच्या घरच्या समारंभाला ‘नाच’ म्हणावे तर कलावंतिणींच्या बैठकीची छाया पडते. ‘नृत्य’ म्हणावे तर देवळाचा सभामंडप डोळ्यांपुढे येतो. म्हणून ‘बॉल’ हाच शब्द देवनागरीत बसला, आणि चेंडूच्या ‘बॉल’शी त्याची येथेही गाठ पडली.

‘बॉल’च्या आसपास वावरणारे पुष्कळ इंग्रजी शब्द त्याचे नातलग वाटतात व नसतात. गोळी या अर्थाचा ‘बुलेट’ हा शब्द फ्रेंच ‘बूल’वरून आला, आणि त्याचे मूळ बुडबुडा या अर्थाच्या लॅटिन ‘बुल्ला’ शब्दात आहे. चेंडू टाकणे या अर्थाचे ‘बोल’ हे क्रियापदही त्याच बुडबुड्यातून निघाले. पोपच्या आज्ञापत्राला लावलेली शिशाची गोल मोहोर म्हणजे ‘बुल’, आणि त्याच वंशात पुढे ‘बिल’ व ‘बुलेटिन’ जन्मले. औषधाची ‘पिल’ आणि छऱ्याचा ‘पेलेट’ ही लॅटिन ‘पिला’ म्हणजे चेंडू या शब्दाची नातवंडे. म्हणजे क्रिकेटच्या मैदानावर जो ‘बॉल’ ‘बोल’ केला जातो, त्यातील कर्म एका कुळाचे आणि क्रिया दुसऱ्या कुळाची. मराठीत ‘गोळी’ या एकाच शब्दाने बंदूकही भागते आणि वैद्यही भागतो. इंग्रजीने त्या दोघांना निरनिराळ्या लॅटिन घरांत नेऊन ठेवले. कोणती भाषा संपन्न आणि कोणती दरिद्री, हा निवाडा असल्या पुराव्यावर करू नये.

‘बॅलट’चा प्रवास मात्र थोडा थांबून पाहिला पाहिजे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकात निवडणुकीसाठी लहान गोळ्या वापरीत. त्यांना ‘बलोत्ता’ म्हणत. डोज या सर्वोच्च अधिकाऱ्याची निवड १२६८ पासून १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडेपर्यंत ज्या गुंतागुंतीच्या पद्धतीने होत असे, तीत एक लहान मुलगा पात्रातून या गोळ्या काढून देई. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. पुढे गोळीची जागा कागदाने घेतली तरी नाव राहिले, आणि आज जगभर ‘बॅलट पेपर’ म्हणजे ‘छोट्या गोळीचा कागद’ या नावाने लोक मत देतात. भारतात हा व्यवहार गोल वस्तूपाशी कधी आलाच नाही. बौद्ध संघात मत घेत ते शलाकांनी. दहाव्या शतकातील उत्तरमेरूरच्या शिलालेखांत ग्रामसभेचे सभासद निवडण्याची जी रीत आहे, तीत नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घड्यात टाकावयाची होती. ‘मतपत्रिका’ हा आपला आजचा शब्द म्हणूनच ‘बॅलट’चे भाषांतर नव्हे. तो ताडपत्राचा वंशज आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता विद्वज्जनांच्या ‘स्फिअर’कडे वळावे. ग्रीक भाषेत ‘स्फैरा’ म्हणजे खेळावयाचा चेंडू. होमरच्या ओडिसीत सहाव्या सर्गात नौसिका आणि तिच्या सख्या नदीकाठी जो चेंडू फेकीत असतात, तोच पुढे तत्त्वज्ञांच्या आणि ज्योतिर्विदांच्या हाती खगोल झाला. संस्कृतात मात्र या दोन वस्तूंना आरंभापासून दोन नावे आहेत. आर्यभटाने ४९९ मध्ये रचलेल्या ग्रंथाच्या अखेरच्या भागाचे नाव गोलपाद. भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत गोलाध्याय. खेळण्याला कंदुक आणि शास्त्राला गोल, अशी ही वाटणी आहे. परंतु लीलावतीत गोलाच्या पृष्ठफळाचा नियम सांगताना भास्कराचार्यांना कंदुकाची आठवण होते. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ. आणि ते कसे, तर चेंडूभोवती विणलेल्या जाळीसारखे. एकाच श्लोकात ‘गोल’ही आहे आणि ‘कंदुक’ही आहे. अमरकोशाच्या पद्धतीने पाहणाऱ्याला हे दोन पर्याय वाटतील. भास्कराचार्यांच्या हाती एक संज्ञा आहे आणि दुसरी उपमा आहे; त्यांची अदलाबदल केली तर गणितही जाईल आणि कवित्वही जाईल.

‘गोल’च्या जवळचा ‘गोलक’ हा शब्दही निरागस नाही. डोळ्याचा गोलक, यंत्रातील गोलक असे प्रयोग आज सुशिक्षितांना सहज सुचतात. पण मनुस्मृतीत ‘गोलक’ म्हणजे विधवेचा अनौरस पुत्र. परिभाषा घडविताना एखादा भारदस्त संस्कृत शब्द केवळ आकाराकडे पाहून उचलला की तो आपले जुने सामान बरोबर घेऊन येतो.

या शब्दाच्या अर्थविस्ताराचा खरा उपयोग करून घेतला तो शेक्सपीअरने, आणि तोही १५९९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकात. पहिल्या अंकात फ्रान्सचा युवराज इंग्लंडच्या तरुण राजाला नजराणा म्हणून टेनिसचे चेंडू पाठवितो. तुझे वय खेळण्याचे, राज्ये मागण्याचे नव्हे, असा त्यातला टोमणा. हे चेंडू आजच्यासारखे रबराचे नव्हेत; कातड्यात केस ठासून भरलेले असत. राजा तो टोमणा झेलतो आणि परतवितो: या थट्टेने तुमच्या चेंडूंचे तोफेचे दगडी गोळे केले आहेत. १४१५ च्या हार्फ्लरच्या वेढ्यात ते शब्द खरे होतात.

चौथ्या अंकात अॅजिनकोर्टच्या लढाईच्या आदल्या रात्री राजा एकटा आहे. राजेपणाचा डामडौल म्हणजे काय, याची तो उदास होऊन यादी करतो. अभिषेकाचे तेल, राजदंड, तलवार, मुकुट. आणि या यादीत पुन्हा ‘बॉल’ येतो. या वेळी तो राज्याभिषेकात हाती दिला जाणारा, पृथ्वीचे प्रतीक असलेला सुवर्णगोल आहे. हे सारे अंगावर असूनही गुलामाला लाभते ती झोप राजाला लाभत नाही. पाचव्या अंकात तहाच्या वेळी फ्रान्सची राणी हेन्रीच्या डोळ्यांविषयी बोलताना पुन्हा हाच शब्द वापरते. हे डोळे फ्रेंचांना आजवर प्राणघातक ठरले, ते ‘बॅसिलिस्क’चे गोळे होते, असे ती म्हणते. ‘बॅसिलिस्क’ म्हणजे नुसत्या दृष्टीने मारणारा काल्पनिक सर्प, आणि त्याच नावाची त्या काळची प्रचंड तोफ. म्हणजे बुबुळ आणि तोफगोळा हे दोन्ही अर्थ एका शब्दात एकत्र आले. थट्टेचा चेंडू, युद्धाचा गोळा, सत्तेचा गोल आणि शत्रूच्या डोळ्यांतले बुबुळ: पाच अंकांत एका क्षुद्र शब्दाने केलेला हा प्रवास इंग्रज प्रेक्षकाच्या कानाला न सांगता जाणवत असला पाहिजे.

मराठी भाषांतरकाराने येथे काय करावे? कोशातील पर्याय प्रत्येक ठिकाणी अचूक वापरले तर पहिल्या अंकात ‘चेंडू’, चौथ्यात ‘राजगोल’ अथवा असाच एखादा घडविलेला शब्द, आणि पाचव्यात ‘बुबुळे’ येतील. प्रत्येक वाक्य बिनचूक होईल आणि नाटकाचा धागा तुटेल. याउलट, चेंडूचा गोळा होणे ही पहिल्या अंकातील घटनाच आहे. तेव्हा तेथून पुढे ‘गोळा’ हाच शब्द धरून ठेवावा, हे अधिक इष्ट. चौथ्या अंकात ‘सोन्याचा गोळा’ म्हटल्याने सत्तेच्या चिन्हाची प्रतिष्ठा कमी होते, हे खरे. परंतु राजाला त्या रात्री ती कमीच करावयाची आहे. पाचव्या अंकात ‘डोळ्यांतले गोळे’ हा प्रयोग कानाला थोडा खडबडीत लागेल. ‘बुबुळे’ म्हणून श्लेष मारून टाकण्यापेक्षा तो खडबडीतपणा पत्करावा.

सत्तेच्या गोलाला मराठीत रूढ नाव नाही, याला इतिहास कारण आहे. आपल्या परंपरेत सार्वभौमत्व छत्रात आणि चक्रात दिसते. गोल हाती घेतलेला राजा नाही. रायगडावरील १६७४ च्या राज्याभिषेकाचे वर्णन हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाने लिहून ठेवले आहे. त्यात सिंहासनाजवळ भाल्यांच्या टोकांवर लावलेली सोन्याची मत्स्यमुखे आणि तराजू आहेत, गोल नाही. मोगल चित्रकारांनी मात्र युरोपीय पृथ्वीगोल पाहून तो उचलला. अबुल हसनच्या १६१६ च्या सुमाराच्या चित्रात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात मलिक अंबर १६२६ मध्ये स्वतःच्या मृत्यूने मेला. दख्खनने तो गोल मान्य केला नव्हता.

चेंडूचा तोफगोळा शेक्सपीअरने केला. तोफगोळ्याचा चेंडू मराठी क्रीडालेखकांनी केला. ‘गोलंदाज’ हा शब्द मराठ्यांच्या आणि पुढे कंपनीच्या तोफखान्यात तोफ डागणाऱ्याला लावीत. ‘गोला’ हा देशी शब्द आणि ‘अंदाज’ हा फेकणारा या अर्थाचा फारसी प्रत्यय. अक्षरशः गोळा फेकणारा. तोफखाने गेले, शब्द बेकार झाला, आणि क्रिकेटने त्याला पुन्हा नोकरीला लावले. इंग्रजी ‘बोलर’चे यापेक्षा नेमके भाषांतर एखाद्या परिभाषा-समितीला सुचले असते, असे वाटत नाही. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारे पळवणकर बाळू आज मराठी वाचकाला ‘गोलंदाज’ म्हणूनच ठाऊक आहेत. आकाशवाणीवरील बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी असे शब्द घरोघर पोचविले. ‘बॉल’चा इंग्रजी क्रिकेटमधील दुसरा अर्थ, म्हणजे वस्तू नव्हे तर ती टाकण्याची एक खेप, हाही ‘चेंडू’ने बिनबोभाट स्वीकारला. ‘षटक’ या शब्दाने तेवढी एक गैरसोय केली: ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंची ‘षटके’ टाकली जात होती.

मराठीने गोल वस्तूंची वाटणी आकारावर केलेली नाही; ती हातावर आणि कामावर केली आहे. खेळण्यात चेंडू, सुताचा वा लोकरीचा गुंडा, कणकेचा उंडा, ताटातील भाताची मूद, तिळाचा लाडू, मुलांच्या खिशातील गोटी. ‘गोळा’ त्यातल्या त्यात उदार. पण भयाने पोटात येतो तो गोळा, हिशेबाची होते ती गोळाबेरीज, आणि वर्गणी करावयाची ती गोळा. इंग्रजीत यांतील बहुतेक वस्तूंना ‘बॉल’ म्हणून भागते. १८४७ च्या मोल्सवर्थ-कँडी यांच्या इंग्रजी-मराठी कोशापासून अशा कोशांनी मराठी अभ्यासकावर अपार उपकार केले. परंतु दुभाषी कोशाचा स्वभावच असा की त्यात एका परकी शब्दासमोर आपले शब्द स्वल्पविरामांनी जोडून उभे राहतात, आणि ते एकमेकांचे पर्याय आहेत असा भास होतो. वस्तुतः ते पर्याय नव्हेत. त्यांना एका ओळीत उभे केले ते इंग्रजीने.

हा भास घातक ठरतो तो एका भारतीय भाषेतील कृती इंग्रजीच्या मध्यस्थीने दुसरीत जाते तेव्हा. याचे सर्वांत गंभीर उदाहरण ‘पिंड’. संस्कृत-इंग्रजी कोशांत त्याचा अर्थ गोळा, भाताचा गोळा असा मिळतो. ब्यूलरच्या १८८६ च्या मनुस्मृतीच्या भाषांतरात त्याचा ‘केक’ झाला आहे. इंग्रज वाचकाला यापेक्षा जवळचे काय देता आले असते, हा प्रश्न आहेच. पण एखाद्या मराठी कादंबरीत दहाव्या दिवशी नदीकाठी मांडलेला, कावळा शिवत नाही म्हणून साऱ्या घराला अपराधी करून सोडणारा पिंड इंग्रजीत ‘राइस-बॉल’ होतो, आणि तेथून तमिळमध्ये वा बंगालीत भाताचा गोळा होऊन उतरतो, तेव्हा जे हरवते ते तळटीपेने भरून येत नाही. विशेष खेदाची गोष्ट ही की, त्या भाषांनाही पिंड हा शब्द आणि विधी ठाऊक आहे. मध्ये इंग्रजी नसती तर काहीच हरवले नसते. शिवाय मराठीत पिंड म्हणजे देह, गर्भ, आणि मनुष्याची मूळ प्रकृतीही. एखाद्याचा पिंड कवीचा आहे, असे आपण म्हणतो. जो शब्द जन्मापूर्वी आणि मृत्यूनंतरही माणसाची सोबत करतो, त्याला चेंडूच्या रांगेत बसविणे हा कोशाचा दोष नसेल. तो वाचणाऱ्याचा आहे.

क्वचित मात्र वाट चुकूनही शब्द घरी पोचतो. झेंडूचे फूल मूळचे मेक्सिकोकडचे. सोळाव्या शतकानंतर ते येथे आले आणि प्रत्येक भाषेने त्याला आपल्या घरच्या चेंडूचे नाव दिले. हिंदीत गेंद आणि गेंदा. तेलुगूत बंति म्हणजे चेंडू आणि बंति पुव्वु म्हणजे हे फूल. कन्नडमध्ये चेंडु आणि चेंडु हूवु. ‘झेंडू’ हे ‘चेंडू’चेच मृदू झालेले रूप मानण्यास अडचण दिसत नाही. कोणी कोणाचे भाषांतर केले नव्हते. फूल हाती घेतल्यावर सगळ्यांना तेच सुचले. इंग्रजीत त्याला ‘मेरीगोल्ड’ म्हणतात, म्हणजे मेरीचे सोने. तेलुगू कवितेतील बंतीचे फूल इंग्रजीत गेले की त्यातला चेंडू गळून पडतो आणि येशूची माता त्या जागी येते. त्या इंग्रजीवरून मराठी करणारा ‘झेंडू’ लिहितो, आणि त्याच्या नकळत चेंडू परत येतो.